आशा स्वयंसेविका आणि महिलांची तंबाखूमुक्ती

महिलांची तंबाखूमुक्ती हे महाराष्ट्राच्या ग्रामीण सार्वजनिक आरोग्यसेवेतील एक कार्यक्षेत्र आहे. राज्यातील तंबाखू सेवन करणाऱ्या बहुतेक स्त्रिया विडी किंवा सिगारेट ओढत नाहीत. त्या तंबाखू दातांना लावतात, चघळतात किंवा गालात धरून ठेवतात. या सेवनाला धूरविरहित तंबाखूसेवन असे म्हणतात. असे सेवन करणाऱ्या स्त्रिया ओळखणे, त्यांना सवय सोडण्याचा सल्ला देणे, सोडण्याच्या काळात सोबत करणे आणि गरज पडल्यास पुढील उपचारांकडे पाठविणे ही कामे गावपातळीवर प्रामुख्याने आशा स्वयंसेविकांकडे येतात. आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि महिला बचत गट यांचाही त्यात सहभाग असतो. विदर्भातील बुलढाण्यासारख्या मुख्यत्वे ग्रामीण जिल्ह्यांत, जिथे तज्ज्ञ समुपदेशन जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणीच मिळू शकते, तेथे या कामाला विशेष महत्त्व आहे.

धूरविरहित तंबाखूचे प्रकार

महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये मिश्री हा धूरविरहित तंबाखूचा सर्वाधिक परिचित प्रकार आहे. प्रदेशानुसार तिला मिसरी किंवा मशेरी असेही म्हणतात. तंबाखूची पाने तव्यावर किंवा पत्र्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि नंतर चुरून त्यांची पूड करतात. ही पूड बोटाने दातांना व हिरड्यांना चोळली जाते. मिश्री बाजारात तयार मिळते, तशीच ती घरच्या चुलीवरही भाजली जाते.

मिश्रीची सुरुवात बहुधा दात घासण्याच्या निमित्ताने होते. दात ठणकत असल्यास किंवा हिरड्या सुजल्यास घरातील वडीलधारी स्त्री मिश्री लावण्याचा सल्ला देते आणि काही काळ बरे वाटते. निकोटिनची सवय लागल्यावर सकाळची एक वेळ पुरेशी होत नाही. जेवणानंतर, चहानंतर, शेतावर जाण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी मिश्री लावली जाते आणि पूड बराच वेळ तोंडात राहते. मिश्रीने पोट साफ होते, भूक मरते, कामाचा शीण कळत नाही, असे समज प्रचलित आहेत. त्यामुळे अनेक स्त्रियांच्या दृष्टीने मिश्री हे व्यसन नसते, तर तो दिनक्रमाचा भाग असतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देऊ शकते.

याशिवाय चुना लावून मळलेली तंबाखू, तंबाखूयुक्त पान, नाकात ओढण्याची किंवा दातांना लावण्याची तपकीर, गुटखा आणि मावा हे प्रकारही आढळतात. पूर्व विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा मोठ्या प्रमाणावर खाल्ला जातो. सुपारी असलेल्या प्रकारांत तंबाखूच्या धोक्यात सुपारीच्या धोक्याची भर पडते.

सेवनाचे प्रमाण

२०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार भारतातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २१.४ टक्के व्यक्ती धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २९.६ टक्के, तर स्त्रियांमध्ये १२.८ टक्के होते. २००९-१० च्या पहिल्या फेरीत स्त्रियांमधील प्रमाण १८.४ टक्के होते. म्हणजे सात वर्षांत त्यात लक्षणीय घट झाली. महाराष्ट्रात दुसऱ्या फेरीच्या वेळी ३१.७ टक्के पुरुष आणि १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होत्या. राज्यातील धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मात्र सुमारे दीड टक्काच होते.

मुंबईत १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ३५ वर्षांवरील ९९,५९८ व्यक्तींची घरोघर जाऊन पाहणी करण्यात आली. तीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले. हे सेवन जवळजवळ पूर्णतः धूरविरहित स्वरूपाचे होते आणि त्यात मिश्रीचा वाटा मोठा होता.

२०१६-१७ च्या सर्वेक्षणातील आणखी काही आकडे तंबाखूमुक्तीच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. धूरविरहित तंबाखूमुळे गंभीर आजार होतात हे देशातील ९५.६ टक्के प्रौढांना मान्य होते. सेवन करणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के व्यक्ती ते सोडण्याच्या विचारात होत्या आणि ३३.२ टक्के व्यक्तींनी आदल्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्नही केला होता. मात्र वर्षभरात आरोग्यसेवकाकडे गेलेल्या अशा व्यक्तींपैकी केवळ ३१.७ टक्के व्यक्तींना तंबाखू सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ४८.८ टक्के होते. धोक्याची माहिती बहुतेकांपर्यंत पोहोचली आहे, पण सोडण्यासाठी लागणारा सल्ला व सोबत पोहोचलेली नाही, हे या आकड्यांवरून दिसते. गावातच राहणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीची भूमिका नेमकी याच ठिकाणी सुरू होते.

आरोग्यावरील परिणाम

कर्करोग आणि मुखाचे आजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. तंबाखूतील नायट्रोसमाइन गटातील रसायने यासाठी प्रामुख्याने कारणीभूत ठरतात. मुख, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगाशी धूरविरहित तंबाखूचा संबंध सिद्ध झाला आहे. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचे याच संस्थेने नमूद केले आहे.

मुखाचा कर्करोग होण्यापूर्वी पुष्कळदा तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे दिसतात. सुपारी खाणाऱ्यांमध्ये तोंडाच्या आतील त्वचा कडक होऊन तोंड उघडणे कमी होते. या अवस्थेत सेवन थांबविले व उपचार घेतले, तर पुढील धोका कमी करता येतो. या विषयावरील सुरुवातीचे मोठे काम महाराष्ट्रातच झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाच्या संशोधकांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले होते.

गरोदरपण आणि बाळ

गरोदरपणातील तंबाखूसेवनाचा परिणाम आई आणि बाळ अशा दोघांवर होतो. प्रकाश चं. गुप्ता व सहकाऱ्यांनी मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोकाही वाढलेला आढळला. याच गटावरील २००६ च्या शोधनिबंधानुसार सेवन करणाऱ्या स्त्रियांमध्ये मृतजन्माचे प्रमाण ८.९ टक्के, तर न करणाऱ्यांमध्ये ३.१ टक्के होते. या स्त्रिया मुख्यतः मिश्री वापरत होत्या.

निकोटिन आईच्या दुधातही उतरते. त्यामुळे प्रसूतीनंतर सवय पुन्हा सुरू झाल्यास स्तनपान करणाऱ्या बाळापर्यंत ते पोहोचते.

आशा स्वयंसेविका योजना

गावातील स्त्रियांनाच आरोग्याचे प्रशिक्षण देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात ग्रामीण आरोग्य सेविका कामाच्या केंद्रस्थानी होत्या. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाची सुरुवात १२ एप्रिल २००५ रोजी झाली. त्या अंतर्गत ‘मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती’ म्हणजेच आशा ही योजना देशभर आखण्यात आली. साधारणपणे १,००० लोकसंख्येमागे एक आशा नेमली जाते. आदिवासी व दुर्गम भागांत हा निकष शिथिल असून वस्तीनिहाय नेमणूक करता येते. आशा ही त्याच गावची रहिवासी असावी आणि ती विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, अशी निवडीची मुख्य अट आहे. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविका काम करतात. त्यांच्या कामाचे पर्यवेक्षण गटप्रवर्तक करतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्तींचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला.

आशा गरोदर स्त्रीची नोंदणी व तपासण्या यांसाठी घरी जाते. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी गृहभेट देते. घरी प्रसूती झाली असल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते. एका स्त्रीच्या घरी इतक्या वेळा आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत जाण्याची मुभा आरोग्य यंत्रणेतील अन्य कोणाला क्वचितच असते. मोरीच्या फळीवर ठेवलेली मिश्रीची डबी तिला दिसू शकते आणि त्याबद्दल ती सहज विचारू शकते.

कार्यपद्धती

नोंद

२०१७ पासून देशात असंसर्गजन्य आजारांची लोकसंख्याधारित तपासणी सुरू करण्यात आली. तिच्यात ३० वर्षांवरील व्यक्तींची उच्च रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. त्यासाठी आशा घरोघर जाऊन ‘सीबॅक’ या नावाने ओळखली जाणारी मूल्यमापन सूची भरते. तीत तंबाखूसेवनाचा प्रश्न असतो. कधीच सेवन न केल्यास शून्य, पूर्वी केले असल्यास किंवा आता अधूनमधून करत असल्यास एक आणि दररोज करत असल्यास दोन असे गुण दिले जातात. वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, मद्यपान आणि कुटुंबातील आजार यांचे गुण त्यात मिळविले जातात. एकूण गुण चारपेक्षा अधिक असल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य दिले जाते. दोन आठवड्यांत बरे न झालेले तोंडातील व्रण किंवा चट्टे, तोंड उघडण्यास त्रास, आवाजातील बदल ही लक्षणेही सूचीत विचारली जातात.

पाच टप्पे

तंबाखू सोडविण्यासाठी जगभर वापरली जाणारी संक्षिप्त समुपदेशनाची पद्धत विचारणे, सल्ला देणे, तयारी अजमावणे, मदत करणे आणि पुढील भेट ठरविणे अशा पाच टप्प्यांची आहे. भारतातील आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणातही हेच टप्पे वापरले जातात.

विचारणे : प्रश्न पदार्थाचे नाव घेऊन विचारावा लागतो. ‘दात कशाने घासता?’, ‘मिश्री किती वेळा लावता?’, ‘तपकीर वापरता का?’ असे प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. सासू, सून व शेजारणी यांच्यासमोर विचारल्यास खरे उत्तर मिळेलच असे नाही. त्यामुळे एकांत महत्त्वाचा असतो.

सल्ला देणे : सल्ला स्पष्ट, थोडक्यात आणि त्या स्त्रीच्या परिस्थितीशी जोडलेला असावा लागतो. गरोदर स्त्रीला बाळाच्या वजनाबद्दल, तोंडात चट्टा असलेल्या स्त्रीला त्या चट्ट्याबद्दल, तर घरखर्च सांभाळणाऱ्या स्त्रीला महिन्याच्या खर्चाबद्दल सांगितलेले अधिक पटते. दटावणे किंवा लाज वाटायला लावणे टाळावे लागते. अपराधी वाटू लागलेली स्त्री सवय सोडण्याऐवजी ती लपवू लागते.

तयारी अजमावणे : स्त्री लगेच सोडायला तयार आहे, विचारात आहे की अजिबात तयार नाही, हे जाणून घेतले जाते. तयार नसलेल्या स्त्रीवर दबाव न आणता विषय पुढच्या भेटीसाठी खुला ठेवला जातो.

मदत करणे : सोडण्याचा दिवस ठरविणे, घरातील साठा टाकून देणे आणि कुटुंबीयांना विश्वासात घेणे ही पहिली पावले होत. घरातील इतर कोणी मिश्री लावत असल्यास त्यांनीही सोबत सोडणे उपयुक्त ठरते. दात घासण्यासाठी ब्रश व साधी पेस्ट किंवा तंबाखू नसलेले दंतमंजन वापरण्यास सांगितले जाते.

पुढील भेट ठरविणे : पहिल्या आठवड्यातील भेट सर्वांत महत्त्वाची मानली जाते. लसीकरण, ग्राम आरोग्य व पोषण दिवस किंवा नवजात बालकाच्या भेटी यांच्यासोबत हा पाठपुरावा जोडता येतो.

सोडण्याच्या काळातील त्रास

तंबाखू बंद केल्यावर साधारण २४ तासांत चिडचिड, अस्वस्थता, डोके दुखणे, झोप न लागणे, लक्ष न लागणे आणि बद्धकोष्ठता असा त्रास सुरू होऊ शकतो. तो पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हा त्रास तात्पुरता आहे हे आधीच सांगितले नाही, तर ‘मिश्री सोडली म्हणून आजारी पडले’ असा समज होऊन सवय पुन्हा सुरू होते. बद्धकोष्ठतेच्या भीतीने मिश्री न सोडणाऱ्या स्त्रियांना पुरेसे पाणी, भाजीपाला व कोंड्यासह दळलेले धान्य यांचा आधार घेण्यास सांगितले जाते.

तलफ बहुधा काही मिनिटांत कमी होते. तेवढा वेळ थांबणे, दीर्घ श्वास घेणे, घोट घोट पाणी पिणे आणि दुसऱ्या कामात मन गुंतविणे हे उपाय सुचविले जातात. तोंडात काही ठेवण्याची सवय असल्यास बडीशेप, लवंग, ओवा किंवा धणाडाळ वापरता येते. तंबाखूऐवजी सुपारी खाणे हा पर्याय सुरक्षित नाही.

एकदा सोडल्यावर सवय पुन्हा लागणे हे अपयश मानले जात नाही. अनेकांना दोन-तीन प्रयत्नांनंतरच कायमची मुक्ती मिळते. प्रसूतीनंतरचा काळ, घरातील दुःखद प्रसंग, लग्नसराईतील पाहुणचार आणि शेतीच्या हंगामातील श्रम हे सवय पुन्हा लागण्याचे प्रसंग असू शकतात.

पुढील उपचार आणि दूरध्वनी सेवा

संशयास्पद चट्टा किंवा व्रण आढळल्यास आशा त्या स्त्रीला उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविते. तेथून दंतचिकित्सकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था असते. तीव्र अवलंबित्व असल्यास निकोटिनचे च्युइंग गम किंवा अन्य औषधे वैद्यकीय सल्ल्याने दिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचारविषयक मार्गदर्शक सूचना प्रथमच प्रसिद्ध केल्या. धूरविरहित तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सखोल वर्तनविषयक समुपदेशनाची शिफारस त्यांत आहे. गरोदर व स्तनदा स्त्रियांच्या बाबतीत समुपदेशन हाच प्रमुख उपाय मानला जातो.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाली. १८००-११-२३५६ हा तिचा निःशुल्क क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवर छापलेला असतो. पुढे बंगळूर, गुवाहाटी व मुंबई येथेही या सेवेची केंद्रे सुरू झाली. घरी भाजलेल्या किंवा सुट्या मिश्रीला वेष्टनच नसते. त्यामुळे हा क्रमांक मिश्री लावणाऱ्या स्त्रीपर्यंत बहुधा आशाच्या तोंडूनच पोहोचू शकतो.

बुलढाणा जिल्हा

बुलढाणा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम टोकाला, अमरावती विभागात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ असून तिच्यापैकी जवळजवळ चार-पंचमांश लोकसंख्या ग्रामीण आहे. जिल्ह्यात बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार, खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर असे १३ तालुके आहेत. कापूस व सोयाबीन ही महत्त्वाची पिके असून निंदणी, कापूस वेचणी व सोंगणी या कामांचा मोठा भार स्त्रियांवर असतो.

जिल्ह्याच्या भौगोलिक रचनेचा आरोग्यसेवेवर परिणाम होतो. उत्तरेकडील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत. त्यांत कोरकू व भिलाला समाजांचा समावेश होतो. तेथे मराठीबरोबर आदिवासी बोलींतूनही संवाद साधावा लागतो. अशा ठिकाणी त्याच वस्तीतील आशा दुभाषी आणि आरोग्य कार्यकर्ती अशा दोन्ही भूमिका पार पाडू शकते. दक्षिणेकडील लोणार व सिंदखेड राजा हे तालुके मराठवाड्याला लागून आहेत. जिल्हा मुख्यालय बुलढाणा हे घाटमाथ्यावर असल्यामुळे उत्तरेकडील गावांतील स्त्रीला केवळ समुपदेशनासाठी तेथे जाणे म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी बुडविणे होय.

राज्यातील अन्य जिल्ह्यांप्रमाणेच येथील आरोग्यसेवेची रचना आशा, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि जिल्हा सामान्य रुग्णालय अशी आहे. सपाट भागात साधारणपणे ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. आदिवासी व डोंगराळ भागात तो अनुक्रमे ३,००० व २०,००० असा आहे. या साखळीत स्त्रीच्या दारापर्यंत नियमितपणे जाणारी पहिली कडी आशा हीच आहे.

कायदे व शासकीय कार्यक्रम

भारताने तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारास २००४ मध्ये मान्यता दिली. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना मदत उपलब्ध करून देणे हे या कराराच्या चौदाव्या कलमानुसार सदस्य देशांचे दायित्व आहे. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तींना तंबाखू विकणे आणि शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री करणे यांस मनाई आहे. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, जनजागृती आणि तंबाखूमुक्ती सेवा हे या कार्यक्रमाच्या जिल्हापातळीवरील कामाचे भाग आहेत.

दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द ठरविली. पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या आधारे जुलै २०१२ पासून राज्यात गुटखा व पानमसाल्यावर पुन्हा बंदी लागू करण्यात आली. या बंदीचा रोख प्रामुख्याने कारखान्यात तयार होणाऱ्या पुड्यांवर आहे. साध्या तंबाखूच्या पानापासून घरच्या तव्यावर होणाऱ्या मिश्रीपर्यंत असे कायदे सहज पोहोचत नाहीत. म्हणून स्त्रियांच्या बाबतीत बंदीपेक्षा समुपदेशनाचा मार्ग अधिक महत्त्वाचा ठरतो.

उपयुक्ततेचे पुरावे

सामान्य शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन कर्करोग प्रतिबंधाचे काम करता येते, हे भारतातील अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तीन राज्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्या ग्रामस्थांवर केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तिगत सल्ला व जनजागृती यांमुळे सेवन सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढू शकते, हे त्यात आढळले. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात तोंडातील पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाणही घटले.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी मुखतपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांमधील स्त्रियांसाठी दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्तींमार्फत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी राबविली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले असून मृत्यूंत ३१ टक्के घट नोंदविली गेली. याच रुग्णालयाच्या प्रतिबंधात्मक कर्करोग विभागाने मुंबईतील स्त्रियांसाठी वस्तीपातळीवरील तंबाखूमुक्तीचे उपक्रमही राबविले आहेत.

गडचिरोली जिल्ह्यात २०१६ मध्ये ‘सर्च’, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. त्यात गावपातळीवरील संघटना, जनजागृती आणि व्यसनमुक्ती उपचार यांची सांगड घालण्यात आली आहे.

अडचणी व मर्यादा

आशा ही पगारी कर्मचारी नसून स्वयंसेविका मानली जाते. तिला कामनिहाय मोबदला मिळतो. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात सीबॅक सूची भरण्यासाठी प्रतिव्यक्ती १० रुपये आणि उपचार सुरू असलेल्या रुग्णाच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्यासाठी ५० रुपये असा दर आखून देण्यात आला होता. सूची भरणे मोजता येते. एखादीची मिश्री सुटावी म्हणून चार वेळा तिच्या ओट्यावर बसून बोलणे मात्र मोजणे कठीण असते. मोबदल्याच्या प्रश्नावर राज्यातील आशांनी वेळोवेळी संप व आंदोलने केली आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा निर्णय घेतला.

माता व बालकांच्या भेटी, लसीकरण, क्षयरोग व कुष्ठरोग शोधमोहिमा आणि विविध सर्वेक्षणे यांमुळे आशांवर कामाचा मोठा भार असतो. त्यामुळे तंबाखूचा प्रश्न पुष्कळदा नोंदीपुरता राहतो. प्रशिक्षणात समुपदेशनाचा प्रत्यक्ष सराव कमी पडल्यास सल्ला ‘तंबाखू वाईट आहे, सोडा’ या एका वाक्यावर थांबण्याची शक्यता असते.

आशा ही गावचीच असल्याने तिच्या घरात किंवा तिला स्वतःलाही मिश्रीची सवय असू शकते. अशा वेळी तिच्या शब्दाचे वजन कमी होते. याउलट, स्वतः मिश्री सोडलेल्या कार्यकर्तीचा अनुभव इतर स्त्रियांना अधिक जवळचा वाटतो. म्हणून आरोग्य कार्यकर्तींना स्वतःची सवय सोडण्यासाठी मदत मिळणे हाही या कामाचा आवश्यक भाग मानला जातो.

साठीच्या पुढील स्त्रिया हा सर्वांत अवघड गट असतो. ‘आता या वयात सोडून काय होणार?’ हा त्यांचा प्रश्न असतो. गरोदरपण व बालसंगोपन यांच्याशी निगडित भेटी या गटापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र घरात मिश्री भाजणारी, सुनेला व नातीला ती दाखविणारी व्यक्ती बहुधा याच वयाची असते. त्यामुळे एका स्त्रीची सवय सुटण्याचा परिणाम पुढच्या पिढीवरही होऊ शकतो.

हेही पहा

मिश्री
धूरविरहित तंबाखू
मुखाचा कर्करोग
आशा (आरोग्य कार्यकर्ती)
राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम
महाराष्ट्रातील गुटखाबंदी
बुलढाणा जिल्हा